हिरव्या ठिपक्याची राणी

८ जानेवारी

मधमाश्यांच्या पेट्या आल्या. पाच. सकाळी आठला येणार होत्या, उगवल्या साडेअकराला. आणि पेट्या तरी कसल्या! झाकणं काळी, कडांना तपकिरी चिकट थर, कोपऱ्यात मेणाचे गोळे, आतल्या पोळ्यांच्या चौकटींवर देव जाणे कसले डाग. ऑपरेशन थिएटरमध्ये असा एक ट्रे कुणी माझ्यासमोर आणला असता, तर त्याला मी ट्रेसकट बाहेर काढलं असतं.

माशीबाई स्वतः पोचवायला आल्या होत्या. यांच्याकडेच मी दहा दिवस माश्या पाळायचं शिकले. मी थराकडे बोट दाखवलं तर हसल्या. म्हणाल्या, "तो चीक माश्यांनीच आणून लावलाय, सिस्टर. त्यांच्या घराचा वास आहे तो. हात लावू नका. आणि दहा दिवसांतून एकदाच उघडायची पेटी. सारखं झाकण काढून बघायचं नाही."

नखांत काळं घेऊन फिरणारी बाई मला शिकवणार. मी मान डोलावली.

मग राणी माश्या दाखवल्या. म्हणाल्या, पाठीवर नेलपेंटचा ठिपका द्या, म्हणजे गर्दीत पटकन सापडतात. माझ्याकडे कुठलं नेलपेंट! लेकीच्या जुन्या खोक्यात एक बाटली निघाली, विषासारखी हिरवीगार. पाचही राण्यांना हिरवा ठिपका दिला. हात जराही थरथरला नाही. माशीबाई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा." सत्तावीस वर्षं थिएटरमध्ये काढलीत, हात चांगला नसेल तर काय पाय असेल?

शेजारचा लिंबूवाला कुंपणावरून बघत होता. त्याची लिंबाची बाग आमच्या घराला लागून आहे. सदऱ्याला दोन बटणं, तीही वेगवेगळ्या रंगांची. अंगणात गंजलेला ड्रम, फुटके पाइप, तीन चाकांची सायकल, म्हणजे जिला एकेकाळी दोन चाकं होती आणि आता तिसरं कुठूनतरी टेकवून ठेवलंय. मी त्याचं नाव गबाळ्या ठेवलंय. तो "या ताई, चहाला" म्हणाला. त्याच्याकडचा चहा! नको म्हणाले.

१० जानेवारी

आज नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी "कशाला गेलीस एवढ्या लांब" म्हणालं तर उत्तर तयार असेल.

मोठे सर्जन बाहेरच्या चपला घालून थिएटरात आले. मी त्यांना बाहेर काढलं. त्यांनी तक्रार केली. मला माफी मागायला सांगितली, मी राजीनामा दिला. बस. पाठीमागे सगळे मला 'फिनेल' म्हणायचे, तेही मला माहीत होतं. म्हणू देत. माझ्या थिएटरमधून गेलेली एकही जखम चिघळली नाही, हे मात्र कुणी म्हणत नाही.

आणि दुसरं कारण, खरं कारण, लेक. आमचे हे गेल्यापासून ती हॉस्टेलवर राहते. आपलं स्वतःचं घर त्याच शहरात असताना! विचारलं तर म्हणायची, तिथून ऑफिस जवळ पडतं. आता तर तिचं काम लॅपटॉपवरच असतं, कुठूनही होतं. म्हणून मी इथे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तिच्यासाठी पूर्वेची खोली ठेवली. मोठी खिडकी, समोर सूर्यफुलांचं शेत. फोन केला. आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "महिनाभर येते, आई. जमलं तर राहीन. पण माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही."

जमलं तर राहीन. जमवणारच. जमवायला काय लागतं? नीटनेटकं घर लागतं.

१५ जानेवारी

पेटी क्रमांक एक स्वच्छ केली. माश्या एका रिकाम्या खोक्यात घेतल्या, पेटी उकळत्या पाण्याने धुतली, चाकूने सगळा चीक खरवडला, थिएटरचं औषध पाण्यात घालून आतून-बाहेरून पुसली, दोन तास उन्हात वाळवली. चौकटीही पुसल्या. लाकूड असं निघालं की जणू आज सुताराकडून आणलंय. फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी इतकं बरं वाटलं.

माश्या मात्र बेभान झाल्या होत्या. चौदा डंख. घर धुऊन दिलं तर कुणी असं चावतं का? माणसं चावतात, ते माहीत होतं.

१८ जानेवारी

दोन आणि तीन धुतल्या. डावा हात कोपरापर्यंत सुजलाय. चार आणि पाच अजून घाणीतच आहेत, हात उतरला की त्यांना घेते.

गबाळ्या कुंपणाशी आला. "ताई, सारखं उघडू नका हो त्यांना. बिचकतात."

मी म्हणाले, "तुमचं अंगण आधी झाडा, मग माझ्या माश्यांची काळजी करा."

"अंगण काय झाडायचं," म्हणे, "उद्या परत पडतंच."

याला काय उत्तर द्यायचं! असलीच माणसं शंभर वर्षं जगतात. आमचे हे बघा, एकावन्नाव्या वर्षी गेले. घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान सातला बंद व्हायचं आणि घरी यायचे नऊला. दहा मिनिटांच्या वाटेला दोन तास! दुनियेची घड्याळं नीट करणाऱ्या माणसाला घरच्या वेळेचं भान नसावं, याचं मला आयुष्यभर नवल वाटलं. आले की दारातच उभं करून कपडे बदलायला लावायचे मी, तेलाचा वास यायचा म्हणून. कधी हूं की चूं केलं नाही. समजूतदार होते.

संध्याकाळी गबाळ्या पाठीवर पंप लावून बागेत काहीतरी फवारत होता. लक्षात ठेवलंय.

२१ जानेवारी

एक नंबरची पेटी रिकामी.

सकाळी झाकण काढलं तर आत शुकशुकाट. एक माशी नाही. मेलेलीही नाही. पोळ्यात थोडा मध होता तोसुद्धा गेलेला. पांढरीशुभ्र, कोरडी, रिकामी पेटी.

माशीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "फवाऱ्याने मेल्या असत्या तर दाराशी सडा पडला असता. मध घेऊन गेल्या म्हणजे घर सोडून गेल्या. पेटीला काही केलंत का?"

"स्वच्छ केली."

मग म्हणाल्या, "सिस्टर, बाकीच्यांना आता हात लावू नका. आणि त्या रिकाम्या पेटीला आतून जुनं मेण चोळा."

म्हणजे चूक माझीच! फवारा शेजारी मारणार, माल ही बाई देणार आणि चूक मी केली. असली बाई मी थिएटरात एक दिवस टिकू दिली नसती.

२५ जानेवारी

दोन आणि तीनमध्ये परत कडांना तोच तपकिरी चीक लावायला सुरुवात केली आहे त्यांनी. जेमतेम आठवडा झाला! एवढं धुऊन दिलं त्याची काही किंमत? स्पिरिटने पुसून काढला. शिस्त एकदा लावून चालत नाही, रोज लावावी लागते.

लेकीची खोली तीन वेळा पुसली. गादी उन्हात टाकली. रविवारी येतेय.

२८ जानेवारी

आली! वाळली आहे जरा. दारातच मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, तुला थिएटरचा वास येतो अजून." मला छान वाटलं.

खोली आवडली. खिडकी आवडली. तिने पिशवी गादीवरच ठेवली, बसमधली पिशवी, धुतलेल्या चादरीवर. जीभ चावून गप्प बसले, तिने पाहिलंही नाही. पिशवीतून ह्यांचा राखाडी स्वेटर निघाला. मला वाटलं होतं तो कधीच टाकून दिला. उशीखाली ठेवला तिने. कोपर फाटलेला, बाहीवर तेलाचे डाग. तीन वर्षांत एकदाही पाण्यात गेलेला नाही, हे चार हातांवरून कळत होतं.

"धुऊन देऊ का?" मी विचारलं.

"आई." एवढंच म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात मी शिकाऊ नर्सेसना म्हणायचे.

३१ जानेवारी

दिवसभर तिकडेच असते, गबाळ्याकडे. लॅपटॉप मिटला की निघाली कुंपण ओलांडून. तिथून हसण्याचा आवाज येतो. माझ्या घरात ती अशी हसल्याचं मला आठवत नाही, म्हणजे हसत असेल, मी कामात असेन. येताना पायाला चिखल, ओंजळीत लिंबं आणि केसांत काटक्या.

"एवढं काय आहे तिथे?" मी विचारलं.

"काही नाही, आई. बसायला बरं वाटतं."

माझ्या व्हरांड्यात दोन नव्या खुर्च्या आहेत. त्यांवर अजून कुणीही बसलेलं नाही.

लेक चहाचे कप खिडकीत तसेच ठेवते. सकाळी दोन उचलले, दुपारी एक. ती बघत होती. म्हणाली, "मी उचलणार होते." कधी, पुढच्या वर्षी?

२ फेब्रुवारी

दोन नंबर गेली. तशीच. रिकामी, कोरडी, मध नेलेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ गेले गबाळ्याच्या बांधावर. तो पंप भरत होता.

"काय फवारता हो तुम्ही? माझ्या माश्या जातायत इथे एकेक करून!"

"साबणाचं पाणी आहे, ताई. पानांवर कीड आहे."

"खोटं बोलू नका."

त्याने पंपाची नळी स्वतःच्या तळहातावर सोडली आणि माझ्या डोळ्यांदेखत जिभेने चाटली. तोंड वेडंवाकडं केलं. "साबणच आहे," म्हणाला. "तुम्ही पण बघा हवं तर."

शी! असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? लेक त्याच्या मागे उभी होती आणि हसू दाबत होती. माझी स्वतःची लेक. मी तिला म्हणाले, "तुला बरं वाटतंय ना माझं वाटोळं झालेलं?"

हसू गेलं तिचं. "आई, त्यांनी काही केलेलं नाही," म्हणाली. आणखी काही बोलणार होती, पण गप्प झाली. मग मी ऐकायला थांबलेही नाही.

५ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

लेक सकाळी गबाळ्याकडे गेली होती. मी तिची चादर बदलायला खोलीत गेले. चादर बदलणं म्हणजे वस्तूंना हात लावणं नव्हे. उशी उचलली तर स्वेटर. काय तो वास! यंत्राचं तेल, घाम, जुनाट लोकर. तिच्या नाकाखाली रोज ही घाण. मी विचारच केला नाही, चादर तशीच टाकून निघाले. गरम पाणी, साबण, थोडं औषध. तीन पाणी काढली तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आलं. बाहीवरचे डागसुद्धा निघाले. कोपराला ठिगळ लावलं, इतकं सुबक की तिला आनंदच होईल असं वाटलं. घडी घालून उशीवर ठेवला.

ती आली. स्वेटर उचलला. त्यात तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली.

"बाबा गेले," म्हणाली.

मी म्हणाले, "अगं, तीन वर्षं झाली."

"नाही. आत्ता गेले."

रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. रडली नाही. पिशवी भरायला लागली. मी बोलत होते. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "वास म्हणजे माणूस नव्हे" असं काहीतरी बोलले, आणि "तुझ्या भल्यासाठीच" हेही. दारात ती म्हणाली, "बाबा नऊला का यायचे, ते विचारलंस कधी त्यांना? दुकानात त्यांची एक खुर्ची होती, दुकान बंद केल्यावरही त्यात बसून राहायचे. मी शाळा सुटली की तिथेच बसायचे. आम्ही दोघं काही करायचो नाही तिथे, आई. नुसते बसायचो."

दुपारच्या बसने गेली. स्वेटर नेला नाही.

मला त्या खुर्चीबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात मी जात नसे, धूळ फार.

८ फेब्रुवारी

तीन नंबर गेली.

ठरवलं, आता सोडायचं नाही. तक्रार अर्ज लिहिला, दोन प्रती. एक गबाळ्याच्या तोंडावर मारायची म्हणून गेले. घराचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. मागे वळसा घातला तर तो गंजक्या ड्रमशेजारी उकिडवा बसलेला. ड्रम आडवा, एका बाजूला पत्रा कापलेला. आणि त्या भोकातून माश्या ये-जा करत होत्या.

मी बघतच राहिले. "या कुठून आल्या?"

तो उठला आणि पत्रा हळूच बाजूला केला. हातमोजा नाही, धूर नाही, काही नाही. आत काळंकुट्ट. वर्षानुवर्षांचं जुनं मेण, कोळिष्टकं, गंज. त्या सगळ्या घाणीत दोन पांढरी नवी पोळी लटकलेली, माझ्या तळहाताएवढी, आणि त्यांवर माश्या एकीला एक चिकटून बसलेल्या. शांत. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे त्या कायम बिथरलेल्या असायच्या, मला वाटायचं त्या असतातच तशा.

आणि मधोमध लांबट, संथ चालणारी. पाठीवर हिरवा ठिपका.

"ही तर माझी राणी," मी म्हणाले.

"आपल्या आपण आल्या, ताई. मी आणल्या नाहीत. बाकीच्या तुमच्या कुठे गेल्या ते खरंच माहीत नाही. ह्यात पूर्वी एकदा पोळं होतं, तो वास असतो मेणाचा. त्याला येतात." मग डोकं खाजवत म्हणाला, "तुमच्या पेट्यांना दवाखान्याचा वास येतो हो."

"सांगितलं का नाही मला?"

तो खाली बघायला लागला. "सांगणार होतो. तुमच्या मुलीला दाखवली राणी, तर ती म्हणाली, काका, आईला सांगू नका. ती ड्रम धुवायला येईल."

अर्ज माझ्या हातात होता. दोन्ही प्रती. घडी करून कमरेला खोचल्या आणि परत आले. त्याने हाक मारली, चहा घेता का म्हणून. नाही म्हणाले. मग कुंपणाशी थांबून परत वळले आणि घेतला. कपाच्या कानाला काहीतरी चिकट होतं. प्यायले.

९ फेब्रुवारी

चार आणि पाच नंबर चालू आहेत. दाराशी गर्दी, पायांना पिवळे गोळे लावून येतायत. ज्या मी धुतल्या नाहीत, त्याच दोन. कितीही वळणं घेऊन विचार केला तरी तो तिथेच येऊन थांबतो.

लेकीला फोन केला. उचलला नाही.

१२ फेब्रुवारी

आजपासून दहा दिवस पेट्यांना हात लावायचा नाही. फक्त लांबून बघायचं.

लिहायला सोपं आहे. चार नंबरच्या झाकणावर पक्ष्याने घाण केली आहे. सकाळपासून ती घाण मला दिसतेय. व्हरांडा तीन वेळा पुसला. मग गबाळ्याकडे जाऊन काळं मेण मागून आणलं आणि तिन्ही रिकाम्या पेट्यांना आतून चोळलं. माझी पांढरीशुभ्र लाकडं! चोळताना रागाने रडू येत होतं. कुणाचा राग, ते नीट सांगता येणार नाही. त्याचा तर नाहीच. तो बापडा वर म्हणतो, "थोडं धूळमातीचं असू द्या, ताई." त्याला म्हणाले, शिकवू नका.

लेकीच्या खोलीचं दार उघडलं. चादर चुरगळलेली, जशी ती उठून गेली तशी. खिडकीत अर्धा कप चहा, त्या दिवशीचा. वर साय धरलेली, काळपट झालेली. हात पुढे गेला होता. दार ओढून घेतलं.

१७ फेब्रुवारी

फोन उचलत नाही. एक निरोप आला: "मी ठीक आहे." ठीक आहे म्हणे. ऑपरेशननंतर पेशंट असंच सांगतात.

स्वेटर माझ्या उशाशी आहे. रोज रात्री हुंगून बघते. औषधाचा वास येतो, म्हणजे माझा. ह्यांचा काही नाही, एक धागासुद्धा नाही. मी किती नीट काम करते!

एकोणतीस वर्षं संसार केला आणि त्यांचा वास कसा होता ते मला सांगता येणार नाही. दारातच काढून घ्यायचे ना मी.

२२ फेब्रुवारी

दहा दिवस झाले. चार नंबर उघडली. आठही चौकटी भरल्यात. राणी दिसली, ठिपका जरा खरवडलेला पण हिरवा. कडेला नवा चीक लावलाय, झाकण निघता निघेना. बघितलं, लावून टाकलं. एकही डंख नाही.

संध्याकाळी परत फोन केला. उचलला.

"बोल," म्हणाली.

काय काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हणाले, "तुझा कप खिडकीत आहे."

"कुठला कप?"

"जाताना ठेवून गेलीस तो. अर्धा होता."

"मग?"

"बुरशी आली आहे. हिरवी. वर केस आल्यासारखी."

मी कागद चुरगळून टाकला.

"चादर पण तशीच आहे," मी म्हणाले. "खोलीत गेलेच नाही मी. म्हणजे गेले, पण हात लावला नाही. स्वेटरचं मला काही करता येणार नाही. ते गेलं. मी केलं ते."

तिने बोटांवर दिवस मोजले असावेत. मग ती म्हणाली, "सतरा दिवस?"

"सतरा."

"आई, तुला झोप कशी लागते गं?"

"लागत नाही," मी खरं ते सांगितलं.

तिने नाक ओढलं. हसली की रडली ते कळलं नाही. म्हणाली, "तसाच ठेव. हात नको लावू. रविवारी येते, मीच धुते." मग घाईघाईने, "दोन दिवसांसाठी. पुढचं नंतर बघू."

फोन ठेवला आणि तिच्या खोलीत जाऊन गादीच्या कडेला बसले. काही केलं नाही, नुसती बसले. रविवारला अजून तीन दिवस आहेत. कपाला मुंग्या लागल्यात, रांग पार भिंतीवरून येतेय, आणि वास तर असा सुटलाय की डोकं उठलंय. उठू दे.